ग्रीक तत्त्वज्ञ आणि आमच्या गावातले दोन थ्रेशर

एकवीस जुलै, सकाळचे सव्वाअकरा. रक्कम तीनशे रुपये. हजर तिघे: मी, माझी मुलगी आणि कॉलेजच्या खिडकीमागचा बाबू. मुलीनं बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मला न विचारता दर्शनशास्त्र, म्हणजे तत्त्वज्ञान, घेतलं होतं. तीनशे रुपये ते बदलून अर्थशास्त्र घेण्याचे होते.

"बाबा, एक साल द्या मले," मुलगी म्हणाली. "नाही जमलं तर पुढच्या जुलैत मीच बदलते."

"अन् ह्या विषयातून मिळते काय?"

"तेच तर शिकायचं आहे ना!"

बाबू मधेच म्हणाला, "साहब, दूसरे साल में भी बदल जाता है. यही तीन सौ."

सरकारी खिडकीतून इतका दिलासा मी प्रथमच ऐकला. पैसे पाकिटात ठेवले, पाकिटावर 'विषयबदल' असं लिहिलं आणि घरी कपाटाच्या काचेला आतून टेकवून उभं केलं. मुलीनं ते रोज पाहावं, एवढा माझा उदात्त हेतू. वर एक अट घातली: जे शिकशील ते जेवणानंतर मला समजावून सांगायचं.

तिनं आधी शाखा सांगितल्या. जगात मुळात आहे काय, हे विचारणारी एक. आपल्याला कळतं ते कसं कळतं, ही दुसरी. वागावं कसं, हे नीतिशास्त्र. शिवाय बरोबर अनुमान कसं काढावं याचं तर्कशास्त्र आणि सुंदर कशाला म्हणावं याचं आणखी एक. मी विचारलं, नळाचं बिल आहे आणि पाणी नाही, हे कोणत्या शाखेत बसतं? ती म्हणाली, पहिल्या. नगरपालिकेत मला एवढं स्पष्ट उत्तर कधी मिळालं नव्हतं.

मग सुरुवातीचे ग्रीक आले. त्यांची नावं माझ्या जिभेवर बसली नाहीत, म्हणून मी त्यांना कामावरून ओळखत असे. एक म्हणाला, सगळं पाण्यापासून झालं. त्याच्याच गावचा दुसरा म्हणाला, हवेपासून. तिसऱ्यानं आग धरली, वर म्हणाला की एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही. आमच्या वैनगंगेत मे महिन्यात एकदाही उतरता येत नाही, पण त्याबद्दल मला कोणी तत्त्वज्ञ म्हणालं नाही. चौथा म्हणाला, सगळं म्हणजे संख्या. हा मला एकदम पटला. पण तो वाल खाऊ देत नसे, असं कळल्यावर बायको म्हणाली, "अजी, त्याले आपल्या घरी नको आणू."

एका संध्याकाळी त्या पाणीवाल्या ग्रीकाची गोष्ट निघाली. तारे बघत चालता चालता तो विहिरीत पडला, म्हणून लोक हसले. एवढ्या ज्ञानाचा उपयोग काय, असंही लोक त्याला टोचत. मला ते लोक जवळचे वाटले. पुढे त्यानं ताऱ्यांवरून ओळखलं की यंदा जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, पीक भरपूर येणार. हिवाळ्यातच थोडे थोडे पैसे देऊन त्यानं सगळे तेलघाणे बांधून ठेवले, आणि हंगामात हव्या त्या भावानं भाड्यानं दिले.

"अन् बाबा, नंतर तो..."

मी उठलो होतो. मला पाहिजे तेवढं तत्त्वज्ञान मिळालं होतं.

शहराबाहेर हट्ट्याच्या बाजूला आमचं गाव आहे. माझ्या वाट्याची शेती चुलतभाऊ करतो. गावात धान चुरायचे, म्हणजे मळणीचे, थ्रेशर दोनच. धान उभं असतानाच मी दोन्ही मालकांना पाच-पाच हजार दिले आणि हंगामातले पहिले दहा दिवस बांधून घेतले. मालकाचं भाडं मालकाला, वर तासाला शंभर रुपये मला. दोन यंत्रं, दिवसाला दहा तास, दहा दिवस: वीस हजार. माझे दहा वजा जाता नफा दहा. ताऱ्यांकडे बघायची गरजच नव्हती.

पहिल्या दिवशी मी वही घेऊन खळ्यावर खुर्ची टाकली. पहिला आला तो बायकोच्या आत्याचा नवरा. "काय जवाई, मशीन तुम्हीच धरली म्हणते! लय चांगलं केलं." चहा पाजून तो मशीन घेऊन गेला. दुसरा माझा मामेभाऊ. तिसरी चुलत सासू. तिच्याशी तर मान वर करून बोलायची सोय नाही. दुपारी चुलतभावाला म्हटलं, "अबे, त्याइले शंभराचं सांगतलं का नाही?"

"हौ, सांगतलं. सारे हसले. म्हणे, भाऊ शहरात राहून मजाक शिकून गेला."

दहा दिवसांत यंत्रं एकशे ब्याण्णव तास चालली. मालकांना त्यांचं भाडं मिळालं. मला पाच किलो वासाचा चिन्नोर तांदूळ, एक कोहळं आणि गावाची आठवण ठेवल्याबद्दल शाबासकी मिळाली. त्या ग्रीकाच्या गावात त्याचे नातेवाईक नसावेत.

घरी मुलीनं सगळं ऐकून घेतलं. हसली नाही, हे तिचं मोठेपण. "बाबा, तुम्ही उठून गेलते. पुढं असं आहे की, त्यानं ते पैशासाठी केलंच नव्हतं. मनात आणलं तर आम्हीही कमवू शकतो, पण आमचं काम ते नाही, एवढंच त्याले दाखवायचं होतं."

"मग तेव्हाच काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही थांबलेच कुठं?"

पुढच्या जुलैत आम्ही पुन्हा त्याच खिडकीपुढे उभे होतो. पाकीट माझ्या खिशात होतं. मुलीनं विषयबदलाचा फॉर्म स्वतःच भरून आणला होता, दिलेला शब्द म्हणून. माझ्या सहीची जागा तेवढी कोरी. फॉर्म तिनं माझ्यापुढे धरला. "देऊ का, बाबा?"

मी हिशेब केला. गोष्टीचा शेवट ऐकला असता तर दहा हजार वाचले असते. म्हणजे मी उठून गेलो तेवढ्या दहा मिनिटांच्या तत्त्वज्ञानाची किंमत, माझ्याच वहीप्रमाणे, दहा हजार. अर्थशास्त्रानं मला एवढं कधी दिलं नव्हतं.

फॉर्म मी घडी घालून खिशात ठेवला. बाबूनं विचारलं, "क्या हुआ साहब, नहीं बदलना?" मी म्हटलं, नहीं.

पाकिटातले तीनशे त्याच दुपारी जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला दिले, दुसऱ्या वर्षाच्या नीतिशास्त्राच्या पुस्तकाचे. तो तीनशे वीस मागत होता. वरचे वीस मुलीनं दिले.