हेडलाईटचं भोक बुजवू नका!

थंडी पडली की तासगावात स्वेटर बाहेर निघतात आणि माझ्या दुकानासमोर गाड्या उभ्या राहतात. तक्रार एकच. "हेडलाईटच्या आत पाणी गेलंय!" मी गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. बारा वर्षं सांगली रोडला दुकान आहे. या एका तक्रारीपायी इतके किस्से साठलेत की कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं शांत होत नाही.

आधी खरं काय ते ऐका. हेडलाईटच्या मागं एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, हवा आत-बाहेर व्हायला. थंडीत काचेवर आतून थोडं धुकं धरतं. दिवे लावून अर्धा तास गाडी चालवा, जातं. आत पाणी साचलं तर जरूर या, तो खरा बिघाड. पण नुसतं धुकं असेल तर काही करायचं नाही. आणि भोक तर अजिबात बुजवायचं नाही, ओल आतच कोंडते!

एवढी साधी गोष्ट. पण ती माझ्या तोंडून कुणालाच पटत नाही. काहीच करू नका म्हणणारा मेस्त्री लोकांना लबाड वाटतो. याचा मला भयंकर राग येतो. कारागिराचा शब्दच खोटा ठरवला तर त्यानं दुकान उघडायचं कशाला?

*

बेदाण्याचे एक व्यापारी आहेत. गाडी नवी कोरी. मी अर्धा तास समजावलं, त्यांनी मान डोलावली, घरी गेले आणि सिलिकॉनची अख्खी ट्यूब त्या भोकात रिकामी केली! पंधरा दिवसांनी आले तेव्हा आत थेंब ओघळून तळाला पाणी साचलेलं.

"शेठ, आता यात मासे सोडा!" मी वैतागून म्हणालो.

"ते सोडू की," शेठ म्हणाले. "पन बगा, बाहेरनं मुंगी बी आत गेली न्हाई!"

*

दुसरे एक द्राक्षबागायतदार. त्यांनी हेडलाईट स्वतःच काढली, स्क्रू-ड्रायव्हर घालून काच उचकटली आणि दोन्ही भाग बेदाण्याच्या शेडमध्ये जाळीवर वाळत घातले. शेड थंडीत रिकामीच असते ना! तीन दिवसांनी पोत्यात घालून माझ्याकडं घेऊन आले. आत बोटभर धूळ, काचेच्या कडेचे तुकडे उडालेले.

मी कपाळाला हात लावला. "अहो, हे काय केलंत?"

ते खुशीत होते. "बेदाण्याला पंधरा दिस लागत्यात गड्या. ही तिसऱ्या दिवशीच तयार झाली!"

*

साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार इथं लेकीकडं राहतात. रोज सकाळी सहाला फोन. "उजवीकडे धुकं कायम! डावीकडे साफ!" शेवटी मी सांगितलं, "साहेब, दिवे लावून सांगलीपर्यंत जाऊन या."

भर दुपारी निघाले. आता दिवसा दिवे दिसले की समोरचा माणूस हातानं खूण करतोच. सुभेदारांना ते सहन होईना. खूण करील त्याला थांबवायचं, खाली उतरायचं आणि हेडलाईटमधलं धुकं समजावून सांगायचं.

संध्याकाळी मी विचारलं, "गेलं का धुकं?"

"जाणार कसं?" सुभेदार कडाडले. "गाडी चाललीच कुठं!"

*

शिराळ्याचा एक तरुण आला. मी गाडी तपासली, भोक साफ केलं आणि सांगितलं, "काही झालेलं नाही. दिवे लावून घरी जावा." पैसेही घेतले नाहीत.

रात्री बायकोनं मोबाईलवर वाचून दाखवलं. एक स्टार! "इतक्या लांबून गेलो. मेस्त्रीनं काहीच केलं नाही. नुसतं चालवत राहा म्हणाला."

पुरावा म्हणून घरी पोचल्यावर काढलेला फोटो टाकला होता. फोटोत हेडलाईट आरशासारखी लखलखीत!

*

आमचे आण्णा रोज दुकानात येऊन बसतात. आयुष्यभर ट्रक चालवला, त्यामुळं त्यांच्या शब्दाला वजन आहे. गिऱ्हाईक हुज्जत घालायला लागलं की तेच मध्ये पडतात. "आवं, पोरगं बरोबर सांगतंय. भोक बुजवू नका." सगळं गाव मला खोटं ठरवू दे, माझा बाप माझ्या बाजूनं आहे, एवढं एक समाधान मला होतं.

गेल्या आठवड्यात आमच्याच गाडीच्या काचेवर आतून थेंब दिसले. बॉनेट उघडून हात घातला. दोन्ही भोकं काळ्या सिलिकॉननं गच्च भरलेली! वरून बोटानं छान गुळगुळीत केलेलं.

मी तिथूनच ओरडलो, "आण्णा, हे कुणी केलं?"

"मी करून आणलं," आण्णा म्हणाले. "चौकातल्या मेस्त्रीकडनं. लय झ्याक काम हाय त्याचं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आण्णा, तुम्ही रोज माझ्या शेजारी बसता! मी दिवसभर लोकांना काय सांगतो, तुमच्या कानांवर पडत नाही?"

आण्णांनी इकडं तिकडं बघितलं. दुकानात कुणी नाही याची खात्री केली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पडतंय की रं. पन ते गिऱ्हाइकाला सांगायचं. आपली घरची गाडी हाय, तिचं तरी नीट काम करायला नगं का?"