गयाकाकूंचे हात

नवरा चांगला धडधाकट असताना गयाकाकू हातात बांगडी घालत नसत. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गल्लीला हे भलतंच खुपायचं. कुणी टोकलं की काकू म्हणायच्या, "काच फुटून पोरीला लागती. नवऱ्याला काय व्हतंय? दोन टायम हादडतेत की."

पोरगी म्हणजे सुली, त्यांची एकुलती एक लेक. तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची असेल. बोलायची नाही. कुकरची शिट्टी झाली तरी कान दाबून भिंतीवर डोकं आपटायची, आडवं येईल त्याला कडकडून चावायची. आज तिला स्वमग्न म्हणतील. गल्ली सरळ वेडी म्हणायची. तिचं डोकं आणि भिंत यांच्यामध्ये काकू आपला हात घालायच्या. त्यांच्या बोटांची पेरं कायम सोललेली असत.

एकदा दिराने दौलताबादहून डाग देणारा म्हातारा आणला. न बोलणाऱ्या पोरांना तो तापल्या विळ्याने पोटावर डागायचा. काकू नळावर गेल्या होत्या. परतल्या तेव्हा नवऱ्याने सुलीचे पाय धरले होते, दिराने हात, आणि स्टोव्हवर विळा लाल झाला होता. काकूंनी भरलेली कळशी दिराच्या डोक्यात घातली. तो रक्तबंबाळ होऊन कोसळला. मग विळा उचलून त्या ओरडल्या, "या म्होरं! कुणाला चटका पायजे?" म्हातारा चपला टाकून पळाला. मी दारातून सगळं पाहत होते, आणि मला त्या दिवशी काकू फार आवडल्या.

गल्लीने त्यांना कैदाशीण ठरवलं. नवरा भावाला घेऊन गावी गेला तो तिकडेच रमला. काकूंच्या मदतीला कुणी फिरकलं नाही, आम्हीसुद्धा नाही.

एका दुपारी सुलीला ओढत त्या आमच्या दारात आल्या. पोरीच्या गालावर बोटं उठली होती, गळ्यावर लाल वळ होते. काकू आईला म्हणाल्या, "वहिनी, हिला तासभर धरा. आत्ता गळा दाबला व्हता म्या हिचा. दिरापासनं वाचिवली, माझ्यापासनं कोण वाचवील?"

माझी आई सुलीला भयंकर घाबरायची. तरी तिने पोरीला आत घेतलं. काकू ओट्यावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसल्या आणि बसल्या बसल्याच झोपल्या. काकू आता नाहीत. पण आपल्याच हातांची भीती वाटली म्हणून दुसऱ्याचं दार ठोठावणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

त्यांना जाग आली तेव्हा आईच्या मनगटातून रक्त येत होतं आणि सुली कोपऱ्यात डोलत होती. ते पाहून काकूंचं तोंड उतरलं. त्यांनी सुलीला दंडाला धरून उठवलं.

"माफ करा, वहिनी. आता नाय आणत."

आईने चावल्या जागी हळद दाबली.

"उद्या जरा लवकर आण," ती म्हणाली.