कपाटाबाहेरचं बटण

धूळ बसू नये म्हणून सिडकोतल्या आमच्या घरी कॉम्प्युटर लाकडी कपाटात ठेवला होता. त्याचं बटण मात्र कपाटामागच्या भिंतीवर, म्हणजे रोज जमिनीवर पालथं पडून फटीत हात घालायचा. शेवटी वैतागून मी भद्रकालीच्या बाजारातून वायर आणली आणि दिवसभर खपून बटण कपाटाच्या बाहेर, अगदी हाताशी बसवलं.

संध्याकाळी नोकरीचा अर्ज टाइप करत होतो, तोच स्क्रीन काळा झाला. मागे वडील उभे. खोलीतून बाहेर पडताना दिसेल ते बटण बंद करायची त्यांची जन्माची सवय.

"अहो बाबा, मी बसलोय ना इथे," मी ओरडलो.

"मग इतकं हाताशी कशाला बसवलंस?" असं म्हणून त्यांनी जाता जाता पंखाही बंद केला.