भातलावणीची रजा

कार्बन पेपरचा वास आला की तळेगावच्या कारखान्यातलं हजेरीचं टाइम ऑफिस आठवतं. मी तिथली नवी कारकून, नियमांचं वारं अंगात शिरलेली. भातलावणीसाठी न सांगता घरी राहिलेल्या जवळच्या आंबी गावातल्या एका कामगार बाईला कामावरून काढायची नोटीस मीच टाइप केली. ती चिखलाच्या पायांनी आली, नोटीस मलाच वाचायला लावली आणि म्हणाली, “ताई, नोकरी घालवू नका. पन रोपं थांबत न्हाईत. उद्या रविवार हाय, तुमीबी या, लवकर उरकंल.” मी ऐटीत गेले अन् तासाभरात कंबर धरून बांधावर बसले. सोमवारी ती वेळेवर हजर, गैरहजर मी! मंगळवारी साहेबांकडून आधी तिची रजा मंजूर करून घेतली, मग हळूच माझी. माझी नात आता एचआरमध्ये माणसं सांभाळते. मी तेव्हा फक्त स्वतःची अब्रू सांभाळली.