साहेबांच्या हातात दिलेली केबल

फोन आला तेव्हा मी दिवेआगरला एका वाडीत पंपाचा पॅनल उघडून बसले होते. यार्डाचे शेठ स्वतः बोलत होते. "ताई, आपलं प्लेट कापायचं मशीन बारा दिवस बंद आहे. पुण्याहून इंजिनियर येऊन गेला. मोटर बदलली, ड्राइव्ह बदलला. कंट्रोलरवाली कंपनी म्हणते, हे मॉडेल आम्ही कधीच सोडून दिलं. ऑपरेटर म्हणाला, तुम्हाला विचारून बघा."

मी विचारलं, "साहेब काय म्हणतात?"

शेठ म्हणाले, "साहेबांना मी सांगतो."

विचार करून कळवते, असं मी म्हटलं. विचार करण्यासारखं काही नव्हतं. सहा वर्षं मी याच फोनची वाट बघत होते.

ते यार्ड खाडीच्या काठी आहे. तिथे बार्जसाठी लोखंडी प्लेटा कापतात. आयटीआय करून मी तिथे मेकॅनिक म्हणून लागले तेव्हा देखभालीच्या कामात बाई मी एकटीच. मशीन तेव्हाही जुनंच होतं. रुळांवरून सरकणारी लांब तुळई, तिच्यावर ज्योतीने लोखंड कापणारी टॉर्च आणि तुळई ओढणारी सर्वो मोटर. मोटरच्या मागच्या टोकाला एन्कोडर असतो. मोटर किती फिरली ते तो केबलमधून कंट्रोलरला सतत कळवत राहतो. ही केबल तुळईबरोबर दिवसभर वाकते आणि सरळ होते, तीही खाऱ्या हवेत. मशीन उभं असताना पडद्यावरचे आकडे मधूनच थरथरायचे, त्यावरून ती आतून तुटत चाललीय हे मला कळलं होतं. मी रजिस्टरमध्ये तीन वेळा लिहिलं, 'एन्कोडरची केबल बदलावी.' मेंटेनन्सच्या साहेबांनी तिन्ही वेळा खाली सही केली आणि केबल मागवली नाही.

मग एक जाड प्लेट वाकडी कापली गेली आणि बार्जचं काम अडलं. तेव्हा कारभार शेठच्या वडिलांकडे होता. त्यांच्यासमोर, सगळ्या शेडच्या देखत साहेब म्हणाले, "हिने कंट्रोलरच्या सेटिंगला हात लावला. पोरीच्या हातात मशीन दिलं की असंच होणार."

मी म्हटलं, "रजिस्टर आणा."

"कामावरून काढलेल्याला रजिस्टर दाखवत नाहीत," साहेब म्हणाले. मला कामावरून काढलंय हे मला त्या वाक्यातून कळलं.

ऑपरेटरकाकांना सगळं ठाऊक होतं. ते हातातल्या मोज्यांकडे बघत उभे राहिले.

पुढची दोन वर्षं माझं नाव माझ्या आधी पोहोचायचं. बर्फाच्या कारखान्यात गेले तर मालक हसून म्हणाला, "यार्डातलं ऐकलंय आम्ही." गावात बायका मला ऐकू जाईल इतपत हळू बोलायच्या. शेवटी वडिलांच्या ओळखीच्या होड्यांवरचे जीपीएस आणि मासे शोधायची यंत्रं दुरुस्त करायला लागले. वादळानंतर दिवेआगरच्या वाड्यांमधले पंप बसवून दिले आणि तिथून हळूहळू लोक बोलवायला लागले. पण रोज कधीतरी, स्क्रू पिळताना नाहीतर आंघोळ करताना, साहेबांचा चेहरा माझ्यासमोर यायचा. मी त्यांना मनातल्या मनात बरंच काही ऐकवायचे.

निघताना वडील पडवीत जाळं शिवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जातेस तर जा. पन मशीनीचं वाकडं करून येऊ नको. तिनं तुझं काय केलेलं न्हाय."

मशीनचं वाकडं करायला मी निघालेच नव्हते.

यार्डात ऑपरेटरकाका समोर आले. माझी नजर चुकवत म्हणाले, "बरी हायस ना?" मी विचारलं, "मशीन कुठे थांबतं? रोज वेगळ्या जागी का एकाच?"

"अर्ध्याच्या पुढं गेलं की. खाडीच्या अंगाला. माघारी येताना न्हाय थांबत."

टॉर्च बंद ठेवून मी तुळई हळू चालवायला लावली. अर्ध्याच्या पुढे गेली आणि थांबली. मोटरला वीज पुरवणाऱ्या ड्राइव्हवर लाल आकडा आला. सांगितलेली जागा आणि एन्कोडरने कळवलेली जागा यांच्यातला फरक मर्यादेबाहेर गेला, असा त्याचा अर्थ. मी मागे आणून पुन्हा चालवली. पुन्हा तिथेच. बरोबर तिथे केबल वाहणारी साखळी वळत होती. मी ती उघडली. माझ्या वेळची, तीच केबल. पुण्याच्या इंजिनियरने मोटर बदलली, ड्राइव्ह बदलला आणि दोघांच्या मधली ही केबल तशीच पुन्हा जोडून दिली होती.

वीस मिनिटांत दोष सापडला. मी कुणाला सांगितलं नाही.

साहेब आता यार्डाचे मॅनेजर होते आणि वरच्या केबिनमधून खाली उतरले नव्हते. मी पॅनल उघडला, फ्यूज तपासले, व्होल्टेज मोजून वहीत लिहिलं. सगळं ठीक असणार हे माहीत असताना मी जेवणाची सुट्टी होईपर्यंत मोजत राहिले. मग शेठना निरोप पाठवला, "शेवटची तपासणी आहे. मॅनेजर हजर हवेत. आणि जुनं मेंटेनन्सचं रजिस्टर हवं."

जेवून आलेले वेल्डर, फिटर, क्रेनवाला असे सगळे भोवती जमले. साहेब उतरले. केस पिकले होते. मला तू म्हणावं की तुम्ही, हे त्यांचं ठरत नव्हतं. "काय... काय करायचंय?"

मोटरची वीज मी आधीच बंद केली होती, म्हणजे तुळई जागची हलणार नव्हती. फक्त कंट्रोलर चालू होता. केबल त्यांच्या हातात दिली. "इथे धरा. वाकवा."

त्यांनी वाकवली. पडद्यावरचे आकडे पळाले. तुळई होती तिथेच, आणि कंट्रोलरच्या हिशेबी ती तीन मिलिमीटर पुढे गेली होती.

"सरळ करा. आता पुन्हा वाकवा."

आकडे पुन्हा पळाले. शेठ म्हणाले, "कळलं, ताई."

"तुम्हाला कळलं. यांना कळू दे," मी म्हटलं. "पुन्हा वाकवा, साहेब."

दहा-बारा वेळा तरी मी त्यांना ते करायला लावलं. दोन वेळांत खात्री झाली होती. बाकीच्या वेळा माझ्यासाठी होत्या. त्यांच्या कपाळावर घाम आला, एक फिटर खाकरला, तरी मी थांबले नाही. मला फार बरं वाटत होतं.

मग रजिस्टर उघडलं. मला वाटलं होतं पानं फाडली असतील. तिन्ही नोंदी जागेवर होत्या, खाली त्यांच्या सह्यांसकट. फाडायचीही तसदी त्यांनी घेतली नव्हती. ते रजिस्टर कधी कुणी उघडेल, असं त्यांना वाटलंच नव्हतं. मी तिन्ही नोंदी मोठ्याने वाचल्या. ऑपरेटरकाका म्हणाले, "व्हय. मला तवाच म्हाईत होतं." सहा वर्षं उशिरा. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नवी केबल मुंबईहून मागवून मी दोन दिवसांनी बसवली. पहिली प्लेट सरळ कापली गेली. अहवालात दोष काय, कधीपासून आणि कुणाला लेखी कळवला होता, ते लिहिलं. साहेबांना सही करायला सांगितलं, त्यांनी केली. शेठनी परत कामावर यायला सांगितलं. मी म्हटलं, "बोलवाल तेव्हा येईन, पण तुमची नोकरी करणार नाही."

महिन्याभरात साहेबांना केबिनमधून काढून स्टोअरमध्ये बसवलं, असं कळलं. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. आवाज खाली होता.

"तुम्ही मला बाजूला घेऊन सांगू शकला असता. एवढ्या लोकांसमोर कशाला?"

"हो," मी म्हटलं. "सांगू शकले असते."

ते आणखी काही ऐकायला थांबले होते. मीही फोन कानाला धरून राहिले. शेवटी त्यांनीच ठेवला.