पिवळ्या रंगाखालची कडी

ज्योतीराम उदगीरहून चाकणला आला त्याला एकवीस वर्षं झाली. त्यातली सतरा एकाच कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्र्याला दाबून आकार देणाऱ्या विभागात, गेली. आठ-आठ टनांचे साचे, ज्यांना तिथे डाय म्हणतात, चार पायांच्या पोलादी साखळीत अडकवायचे आणि वर क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या रोहिदासला हात करायचा, हे त्याचं काम. साखळी लावण्याआधी तो कडी न् कडी चाचपायचा. लोक म्हणायचे, हा जपमाळ ओढतोय.

गेल्या मार्चमध्ये एका कडीवर त्याचं बोट अडखळलं. ताज्या पिवळ्या रंगाखाली गाठ लागत होती. नखाने रंग खरवडला, तर वेल्डिंग. तडा गेलेली कडी कुणीतरी जोडून, रंगवून परत अडकवली होती.

त्याने साखळीला लाल पट्टी बांधून ती बाजूला टाकली. अर्ध्या तासात शॉपचा इंजिनियर निमिष आला.

"काका, नवी साखळी यायला सहा आठवडे लागतील. तोवर ही चालवू. वेल्डर चांगला आहे आपला."

"वेल्डर चांगलाच हाय, साहेब. पण हे साधं लोखंड न्हाई. आग लागली की ह्याचं पाणी उतरतं. मग कडी काचंवानी तुटती."

"मी इंजिनियरिंग केलंय, काका."

"मग तुमाला माझ्यापरीस जास्त कळतं. पण म्या लावणार न्हाई."

निमिषने पट्टी सोडली आणि ठेकेदाराच्या माणसाकडून साखळी लावून घेतली. डाय उचलली, फिरली, प्रेसवर बसली. काहीच झालं नाही. पंचाईत तीच होती. पुढचे एकोणीस दिवसही काही झालं नाही. ज्योतीराम रोज साखळ्यांच्या तपासणीच्या रजिस्टरमध्ये लिहायचा, 'कडी वेल्ड केलेली, वापरू नये.' त्याखाली रोज कुणीतरी 'ओके' लिहायचं. कँटीनमध्ये लोक विचारायचे, "काय भाऊ, तुटली का आज?"

घरी जेवताना तो हेच बोलायचा. शेवटी बायको, सुमन, म्हणाली, "तुमाला ती तुटावी असंच वाटालंय का काय आता?"

खाली कुणी नसताना एकदा तुटावी, असं त्या दुपारी त्याच्या मनात आलं होतं खरं. स्वतःचीच त्याला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत त्याने ग्राइंडरने ती कडी कापली आणि दोन्ही तुकडे निमिषच्या टेबलावर ठेवले.

"आता न्हाई लावता येणार कुणाला."

कंपनीच्या मालाचं नुकसान केलं म्हणून त्याला मेमो मिळाला, चार दिवस घरी बसवलं. जिला सहा आठवडे लागणार होते ती साखळी तिसऱ्या दिवशी आली, चाचणीच्या दाखल्यासकट.

पाचव्या दिवशी तो कामावर गेला, तर त्याची बदली पॅकिंगला झालेली. तू बरोबर होतास, असं कुणी म्हणालं नाही. निमिष समोरून गेला, मान हलवली, फोनवर बोलत राहिला.

सोमवारी त्याने प्रेस शॉपमध्ये डोकावून रजिस्टर उघडलं. येत्या शनिवारपर्यंतचे 'ओके' आधीच भरून ठेवले होते. त्याने ते रोहिदासला दाखवलं.

"जाऊ दे राव," रोहिदास म्हणाला. "साखळी नवी आली ना?"

"आली," ज्योतीराम म्हणाला, आणि पॅकिंगकडे चालू लागला. दुपारपर्यंत तो खोक्यांना खिळे ठोकत राहिला.