दगडफूल कुणी खरवडलं

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. सांगायला बसले की उठते, चहा टाकते, ओटा पुसते — आत्तासुद्धा दोनदा उठून आले. सुरुवात तरी कुठून करायची?

झाडांपासूनच करते. बेळगावात कॉलेजवर वनस्पतिशास्त्र शिकवायचे मी, आणि सून बेळगुंदीची. आमच्या देवळामागं जुने आंबे आहेत. लग्न होऊन आले तेव्हा त्यांची साल दिसत नसे, इतकं दगडफूल — राखाडी, कुरळं, बोटांनी चुरडलं की वास सुटायचा. वर्षाची चटणी, म्हणजे मसाल्याचं तिखट, कांडायची तर तेच लागायचं. पण खोडाला हात लावायचा नाही, वाऱ्यानं पडेल तेवढंच वेचायचं, अशी गावाची रीत. वेचायचं काम भागाक्काचं, आमच्यापासून दोन घरं पलीकडची. ती ते निवडून घरोघर मूठ-मूठ द्यायची, चटणी कांडायलाही तिलाच बोलवायचे, आणि त्यावर तिचं घर चालायचं. विधवा बाई, दुसरं होतं काय?

आता येऊन बघा. पिरनवाडीची घरं सरकत सरकत इकडं आली, खडीचे ट्रक दिवसभर जातात. कुरळं दगडफूल गेलं, रस्त्याकडच्या खोडांवर नुसती पिवळट भुकटी धरलीय. मागच्या झाडांवर थोडं उरलंय म्हणायचं. शाळावाले मला बोलावतात, मी पोरांना धूर सांगते, धूळ सांगते, हवा कशी बिघडली ते सांगते. खोटं नाही त्यात काही. पण पहिलं झाड उघडं पडलं तेव्हा इथं ट्रक कुठं होते?

ते मी केलं.

कॉलेजात प्रदर्शन होतं, बाहेरून मोठी माणसं यायची होती. एक तुकडा पुरला असता. मी भाजीची सुरी घेऊन भर दुपारी गेले, गल्ली झोपलेली. पहिलाच पापुद्रा अखंड सुटून हातात आला आणि — काय सांगू, हाव सुटली. पुढच्या रविवारी परत गेले. पिशवी भरली तरी हात थांबेना. त्यातलं निम्मं कॉलेजच्या कपाटात बुरशी लागून गेलं. दगडफूल नखाएवढं वाढायला वर्षं जातात, हे वर्गात शिकवायचे कोण? मीच.

बोडकी खोडं दिसली तशी माणसं देवळापाशी जमली. निपाणीच्या बाजारात विकलं असणार, दुसरं कोण विकणार, रोज झाडांखाली भागाक्काच तर असते — असं सुरू झालं. भागाक्का तोंडाला पदर लावून उभी होती. तेवढ्यात एक म्हातारे आप्पा माझ्याकडं वळले. तुम्ही शिकलेल्या बाई, जरा बघून सांगा, म्हणाले.

मी गेले. खोड बघितलं. बोटानं चाचपल्याचं नाटकसुद्धा केलं. म्हटलं, हे वाऱ्यानं पडलेलं नाही, सुरीनं खरवडलंय. अक्षर न् अक्षर खरं बोलले, आणि पुढं मिठाची गुळणी धरली. तिला चोर ठरवायला गावाला तेवढं पुरे झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरालाच साक्षीला बोलावलं होतं. शेण खाल्लं मी.

त्या वर्षापासून भागाक्काला कुणी चटणी कांडायला बोलावलं नाही. आम्हीही नाही. दगडफूल बाजारातून आणलं. ती उतारवयात दुसऱ्यांच्या शेतात तण भांगलायला जाऊ लागली, मला रस्त्यात दिसायची, आणि मी तेव्हा मुद्दाम पर्समध्ये काहीतरी शोधत पुढं जायचे. दर वेळी वाटायचं, आज सांगू. सासूबाई गेल्या, ते आप्पाही गेले, मी रिटायर झाले. मग अडवलं कुणी होतं?

गेल्या महिन्यात ती घरी आली. पार वाकलीय. पायरीवर बसली, रस्ता रुंद होतोय, आंबे तोडणार म्हणतात, असं बोलत राहिली. मग म्हणाली, "बाई, त्या दिवशी सगळ्यांनी माझं नाव घेतलं बघा. तुम्ही तेवढं न्हाय घेतलं. मी इसरले न्हाय."

मी म्हटलं, असू दे आक्का, त्यात काय एवढं.

तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला, आणि मी तो धरू दिला.